कार्ड नाही चालून राहिलं, भाऊ

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पांढुर्ण्याच्या कापड दुकानांत बसायला जागा मिळत नाही. आंबिया बहाराची संत्री तुटायला लागलेली असतात, कापसाचा पहिला वेचा घरात आलेला असतो, आणि खेड्यांतून आलेली कुटुंबं एकेका गादीवर तासन्‌तास साड्या उलगडत असतात. या गर्दीत गल्ल्यावरून अधूनमधून एक वाक्य ऐकू येतं, "भाऊ, हे कार्ड नाही चालून राहिलं." सांगणाऱ्याच्या आवाजात राग नसतो. पण ज्याचं कार्ड असतं त्याच्याकडे त्या क्षणी बघवत नाही. साड्यांचा गठ्ठा बांधून झालेला असतो, मागे चारजण उभे असतात. तो कार्ड खिशात घालतो, रोख किती आहे ते चाचपतो, आणि हळूच एक साडी परत ठेवायला सांगतो.

हे कार्ड बँकेच्या खात्याचं नसतं. ते भेट म्हणून आलेलं असतं. बोरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्या कारखान्यानं मिठाईच्या डब्याऐवजी दिलेलं, पुण्याच्या भावानं भाऊबीजेची ओवाळणी म्हणून पाठवलेलं, लग्नात आहेराच्या पाकिटातून आलेलं. आत दोन हजार, पाच हजार, फार तर दहा हजार रुपये. त्याहून जास्त नाहीच, कारण रिझर्व्ह बँकेनं प्रीपेड भेटकार्डाला दहा हजारांची मर्यादा घातली आहे. एकदा भरलेलं कार्ड पुन्हा भरता येत नाही, त्यातून रोख काढता येत नाही, दुसऱ्याच्या खात्यात पैसे वळवता येत नाहीत. त्याच्यावर खरेदी तेवढी होते. ती होईना म्हटल्यावर माणसाला वाटतं, पैसे गेले. पैसे गेलेले नसतात. जवळजवळ प्रत्येक वेळी ते जागच्या जागी असतात आणि कायद्यानं त्याच माणसाचे असतात. हे त्याला गल्ल्यावर कुणी सांगत नाही, आणि म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहावंसं वाटलं.

कारखाने आणि कंपन्या रोख रकमेऐवजी कार्ड का देतात, याचं उत्तर आयकराच्या नियमांत सापडतं. १९६२ च्या आयकर नियमांनुसार मालकाकडून कर्मचाऱ्याला वर्षभरात मिळालेली पाच हजार रुपयांच्या आतली वस्तुरूप भेट किंवा व्हाउचर करातून सुटत आलं आहे. रोख दिली तर ती पगारात धरली जाते. त्यामुळे दिवाळीत अशी कार्डं गठ्ठ्यानं वाटली जातात. देणाऱ्याचं काम तिथं संपतं. घेणाऱ्याचं सुरू होतं, आणि तो पांढुर्ण्यात किंवा सौंसरात राहत असेल तर ते जरा जास्तच अवघड असतं.

ही दोन्ही गावं नागपूरची आहेत आणि नाहीतही. सौंसर नागपूरपासून सुमारे ७० किलोमीटर, पांढुर्णा नागपूर–इटारसी रेल्वेमार्गावर, शंभर किलोमीटरच्या आसपास. घरात मराठी, शेतात मराठी, बाजारात मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरचं राजधानीपण गेलं, आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून हे दोन तालुके काढून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. बाहेरच्यांना पांढुर्णा माहीत असतो तो गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, तेवढीच बातमी देशभर जाते. बाकी वर्षभर इथली माणसं काय खरेदी करतात, कशी करतात, कुठं अडतात, हे कुणी विचारत नाही.

इथं अडलेल्याचा पहिला आधार एमपी ऑनलाइनवाला. दाखले, परीक्षेचे अर्ज, वीजबिल, सगळं त्याच्या खुर्चीसमोर होतं, आणि कार्ड घेऊनही लोक त्याच्याकडेच येतात. पांढुर्ण्यातल्या अशाच एका तरुणाशी मी बराच वेळ बोललो. त्याचा पहिला प्रश्न मला फार आवडला. आलेल्या माणसाला तो कार्ड मागत नाही, चिठ्ठी मागतो. "मशीनमधून कागद निघाला होता ना काकाजी? तो फेकला काहून?"

तो कागद महत्त्वाचा आहे, कारण नकार कुणी दिला आणि कशासाठी दिला हे बऱ्याचदा त्याच्यावरच असतं. दुकानातल्या स्वाइप मशीनला स्वतःचं काही मत नसतं. कार्ड घातलं की मशीन दुकानदाराच्या बँकेला विचारतं. ती बँक कार्डावर ज्याचं चिन्ह आहे त्या जाळ्याला विचारते, म्हणजे रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डला. ते जाळं कार्ड काढणाऱ्या संस्थेला विचारतं. ही संस्था बँक असेल किंवा बँक नसलेली, रिझर्व्ह बँकेची परवानगी घेतलेली कंपनी असेल. ती शिल्लक बघते, मुदत बघते, पिन बघते, दुकान कुठल्या प्रकारचं आहे तेही बघते, आणि दोन आकडी उत्तर पाठवते. ते त्याच वाटेनं उलट परत येतं. हे सगळं काही सेकंदांत होतं. ०० आलं की व्यवहार झाला. दुसरं काहीही आलं की पडद्यावर एकच शब्द उमटतो, आणि दुकानदार तोच वाचून दाखवतो. दोन आकडे मात्र अनेक मशीनच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात छापलेले असतात. हे आकडे जगभर जवळपास सारखेच आहेत, कारण कार्डांच्या संदेशांचा आंतरराष्ट्रीय साचा ठरलेला आहे.

त्यातला सगळ्यात जास्त दिसणारा ५१. शिल्लक अपुरी. ऐकायला साधं वाटतं, पण भेटकार्डाच्या बाबतीत निम्मे घोळ इथंच असतात. कार्ड दोन हजारांचं, साडी एकवीसशे चाळीसची. बँकेच्या कार्डाची सवय असलेल्या माणसाला वाटतं, दोन हजार तरी कापले जातील आणि वरचे एकशे चाळीस मागतील. मशीन तसं करत नाही. त्याला एकवीसशे चाळीस मागितले, तेवढे नाहीत, म्हणून ते सगळाच व्यवहार फेटाळतं. यावर उपाय एवढाच की दुकानदारानं मशीनमध्ये बरोबर दोन हजार टाकायचे आणि वरचे एकशे चाळीस रोख किंवा यूपीआयनं घ्यायचे. त्याच्या बिलावर दोन नोंदी होतात, बाकी काही नाही. पण हे आधी सांगावं लागतं. आणि कार्डात नेमके किती आहेत तेही आधी माहीत असावं लागतं, अगदी पैशांपर्यंत. मागच्या वेळी चारशे बावन्न रुपये पन्नास पैसे खर्च झाले असतील तर उरले पंधराशे सत्तेचाळीस पन्नास, आणि पंधराशे अठ्ठेचाळीस मागितले की पुन्हा तोच ५१. ऑनलाइन खरेदीत तर अनेक ठिकाणी रक्कम दोन कार्डांत किंवा कार्ड आणि यूपीआयमध्ये विभागण्याची सोयच नसते. तिथं कार्डाच्या रकमेच्या आत बसेल अशीच वस्तू निवडावी लागते.

सौंसरच्या एका कापड व्यापाऱ्यानं यासाठी स्वतःची पद्धत बसवली आहे. गिऱ्हाइकानं भेटकार्ड दाखवलं की साडी घडी घालायच्या आधीच तो म्हणतो, "बाई, आधी शिल्लक पाहून घ्या, मग बिल करू." कार्डाच्या पाठीमागचा नंबर किंवा संस्थेचं ॲप उघडून तो स्वतः मदत करतो. गर्दीच्या दिवसांत त्याचा वेळ जातो, पण गल्ल्यावर कुणाला मान खाली घालावी लागत नाही. मला हा व्यापारी मोठा माणूस वाटला.

५४ म्हणजे मुदत संपली. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहायचं आहे. ५५ म्हणजे पिन चुकला, ७५ म्हणजे इतक्यांदा चुकला की आता वाट बंद. भेटकार्डाचा पिन पाकिटावर छापलेला असतो असं अनेकांना वाटतं. बऱ्याच कार्डांचा पिन स्वतःच, फोनवरून किंवा संकेतस्थळावरून, तयार करावा लागतो. तो न करता लोक जन्मसाल टाकतात, मग चार शून्यं टाकतात, मग जावयाला फोन करतात. तोवर कार्ड अडकतं. १४ म्हणजे कार्डाचा क्रमांकच चुकीचा. तो ऑनलाइन भरताना येतो, कारण सोळा आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या पंधरांवरून गणितानं काढलेला असतो आणि एक अंक इकडचा तिकडे झाला तरी हिशेब जुळत नाही. ९१ म्हणजे कार्ड काढणाऱ्याचं यंत्रच बंद किंवा उत्तर देत नाही. त्यात ग्राहकाचा दोष नाही, दुकानदाराचाही नाही. थोड्या वेळानं किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करायचा. ०५ हा सगळ्यांत त्रासदायक, कारण त्याचा अर्थ एवढाच की संस्थेनं नकार दिला आणि कारण सांगितलं नाही. तिथं फोन केल्याशिवाय गत्यंतर नाही.

५७ वर थोडं थांबायला हवं. हा व्यवहार या कार्डाला मंजूर नाही, असं तो सांगतो. एमपी ऑनलाइनवाल्याच्या सांगण्याप्रमाणे खेड्यातून आलेला माणूस भेटकार्ड घेऊन बहुधा आधी एटीएमवर जातो. ते स्वाभाविक आहे. त्याच्या ओळखीचं एकच कार्ड आहे आणि ते एटीएममध्ये चालतं. पण भेटकार्डातून रोख मिळतच नाही. तिथं खटपट करताना पिनच्या सगळ्या संधी संपतात, आणि मग तेच कार्ड दुकानातही चालत नाही. परदेशी संकेतस्थळावर काही विकत घ्यायला गेलं तरी हेच होतं, कारण अशी कार्डं देशातल्या खरेदीसाठी असतात. काही संस्थांच्या अटींत सोनं, पेट्रोल किंवा दुसरं भेटकार्ड घ्यायलाही मनाई असते. धनत्रयोदशीला ओवाळणीच्या कार्डावर सोन्याचा मणी घ्यायला गेलेली बहीण तिथं अडते. अटी पाकिटातल्या कागदावर असतात, पण इतक्या बारीक आणि इतक्या इंग्रजीत की त्या नसल्यासारख्याच.

१५ जानेवारी २०२० ला रिझर्व्ह बँकेनं कार्डांच्या सुरक्षिततेसाठी एक परिपत्रक काढलं. नवं कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालावं. ऑनलाइन, परदेशात किंवा नुसतं टेकवून चालवायचं असेल तर ग्राहकानं स्वतः ते सुरू करावं. ही सोय चांगली आहे आणि तिनं कितीतरी चोऱ्या रोखल्या असतील. भेटकार्डांना हा नियम सक्तीचा नाही. तरीही ज्या संस्थेच्या ॲपमध्ये ऑनलाइन वापराचं बटण दिलेलं असतं, तिथं ते बंद असू शकतं. दुकानात चाललेलं कार्ड मोबाइलवर चालेना तर आधी तिथं पाहावं.

आता बाजाराबद्दल. पांढुर्णा आणि सौंसर दोन्ही गावं २०११ च्या जनगणनेत वीस ते पन्नास हजार लोकवस्तीची होती. रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत ही तिसऱ्या श्रेणीची केंद्रं. तिसऱ्या ते सहाव्या श्रेणीच्या गावांत कार्ड स्वीकारण्याची साधनं पोचावीत म्हणून रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२१ पासून एक वेगळा निधीही सुरू केला होता. पण बाजारानं आपली वाट वेगळीच निवडली. २०१६ मध्ये यूपीआय आलं, आणि संत्र्याच्या हातगाडीपासून किराण्यापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड चिकटला. बोलणारा डबा पैसे आल्याचं मोठ्यानं सांगतो, दुकानदाराला भाडं परवडतं, मशीनची भानगड नाही. मोठी कापड दुकानं, मोटारसायकलच्या एजन्सी, काही औषध दुकानं सोडली तर स्वाइप मशीन दिसतं कुठं? आणि भेटकार्ड सहसा क्यूआर कोडवर चालत नाही. प्रीपेड साधनं यूपीआयशी जोडण्याचा नियम आहे, पण तो पूर्ण केवायसी झालेल्या वॉलेटसाठी सक्तीचा आहे. भेटकार्डाच्या बाबतीत तो संस्थेच्या मर्जीवर सोडलेला आहे.

म्हणजे मुंबईत किंवा बंगळुरूत बसलेला कुणी ज्या कार्डाला कुठंही चालणारी भेट म्हणतो, ते पांढुर्ण्याच्या बहुतेक दुकानांत चालायला मशीनच नाही. हा दोष कार्ड धरून उभ्या असलेल्या माणसाचा नाही. देणाऱ्यानं देण्याआधी एवढं विचारायला हवं की तुझ्या गावात कार्ड घेणारं दुकान आहे का. नसेल तर तेवढीच रक्कम यूपीआयनं पाठवावी, ओवाळणी ओवाळणीच राहते.

परदेशातून आलेल्या भेटींचा प्रकार आणखी निराळा. इथली कितीतरी मुलं नागपूरला इंजिनीअर होऊन पुढे अमेरिकेला गेली. ती दिवाळीला आई-वडिलांना ईमेलवर भेटकार्ड पाठवतात. अमेरिकेच्या ॲमेझॉनचं कार्ड भारताच्या ॲमेझॉनवर चालत नाही. ॲपल आणि गूगल प्लेची कार्डंही ज्या देशात घेतली त्याच देशाच्या खात्यात चालतात. तिकडच्या व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या अनेक भेटकार्डांवर फक्त अमेरिकेत वापरा असं लिहिलेलं असतं, आणि ऑनलाइन वापरायला तिथला पत्ता आणि झिप कोड नोंदवावा लागतो. सौंसरच्या आजोबांनी ४८०१०६ हा आपला पिन कोड टाकला तर यंत्र तो ओळखणार नाही. अशा वेळी मुलानं भारताच्या संकेतस्थळावरून रुपयांतलं कार्ड घ्यावं. आजोबांनी कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, हे त्यांना आधीच सांगितलं तर त्यांचे दोन दिवस वाचतील.

मोबाइल क्रमांकाचा घोळही असाच. कंपनी शंभर कर्मचाऱ्यांची यादी पाठवते, त्यात एका क्रमांकाचा एक आकडा चुकतो, आणि कार्ड वापरायला लागणारा ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर जातो. किंवा ओटीपी भेट देणाऱ्या भावाच्या फोनवर जातो आणि भाऊ त्या वेळी मीटिंगमध्ये असतो. दुकानदाराला वाटतं नेटवर्क नाही. इथं कार्ड दिलेल्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला लेखी कळवणं हाच रस्ता, कारण यादी त्यांची आहे.

अधूनमधून एक वेगळं कोडं येतं ते मेट्रो आणि बससाठीच्या प्रीपेड कार्डांचं. नागपूर मेट्रो २०१९ मध्ये सुरू झाली आणि इकडची मंडळी दवाखान्याला, कॉलेजला गेली की तिनं फिरतात. नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डाच्या पद्धतीत पैसे दोन ठिकाणी असतात, एक संस्थेच्या खात्यात आणि एक कार्डाच्या चिपमध्ये. फाटक फक्त चिप वाचतं. मुलानं घरून ऑनलाइन पैसे भरले असले तरी ते चिपमध्ये उतरवायला स्थानकावरच्या यंत्राला कार्ड एकदा लावावं लागतं. ते केलं नाही तर पैसे असूनही फाटक उघडत नाही.

मुदत संपलेल्या कार्डाचा विषय मात्र खरा जिव्हाळ्याचा. आपल्याकडे भेट जपून ठेवायची रीत आहे. नवी साडी पेटीत जाते, चांदीची वाटी कपाटात, आणि कार्डही तिथंच. सौंसरजवळच्या एका गावातल्या निवृत्त शिक्षिकेनं निरोपसमारंभात मिळालेलं पाच हजारांचं कार्ड पुतणीच्या लग्नासाठी राखून ठेवलं होतं. लग्न ठरलं तेव्हा कार्डावरची तारीख उलटून गेलेली. दुकानात ५४ आला. तिला सांगण्यात आलं की आता काही होत नाही, बाई. तिनं ते मानलं आणि कार्ड पुन्हा कपाटात ठेवलं, कारण टाकून देववत नव्हतं.

टाकलं नाही ते बरं झालं. रिझर्व्ह बँकेचा प्रीपेड साधनांविषयीचा मुख्य निर्देश २७ ऑगस्ट २०२१ चा आहे, आणि त्यातली भाषा या बाबतीत स्पष्ट आहे. कार्डाची मुदत किमान एक वर्षाची असली पाहिजे. ती संपण्याच्या आधीच्या पंचेचाळीस दिवसांत संस्थेनं धारकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्रानं सावध केलं पाहिजे. भेटकार्ड धारकाच्या विनंतीवरून पुन्हा वैध करता येतं, नवं कार्ड देऊनही. मुदत संपल्यावर उरलेली रक्कम बँक नसलेल्या संस्थेला किमान तीन वर्षं स्वतःच्या नफ्यात वळवता येत नाही. आणि मुदतीनंतर धारक परतावा मागायला आला तर ती रक्कम त्याच्या बँक खात्यात द्यायची आहे. बँक नसलेल्या संस्थांना तर लोकांकडून घेतलेले पैसे एखाद्या शेड्यूल्ड व्यापारी बँकेत वेगळ्या एस्क्रो खात्यातच ठेवावे लागतात. कार्ड कालबाह्य होतं, पैसा होत नाही.

एमपी ऑनलाइनवाल्यानं बाईंचा अर्ज केला. कार्डाचे शेवटचे चार आकडे, मुदतीची तारीख, ओळखपत्र, आणि रद्द केलेला एक चेक. काही आठवड्यांनी रक्कम त्यांच्या पेन्शनच्या खात्यात आली. लग्न तोवर होऊन गेलं होतं. पुतणीला त्यांनी त्या पैशांतून दिवाळसणाला साडी घेतली.

इथं एक फरक लक्षात ठेवायला हवा. हे नियम अनेक दुकानांत चालणाऱ्या कार्डांना लागू आहेत. एखाद्या दुकानानं फक्त स्वतःच्याच दुकानासाठी काढलेलं कूपन किंवा कार्ड रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही. तिथं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ कामाला येतो. त्या कायद्यानं तक्रार ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, कंपनी कुठंही असो, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोललं तर पुष्कळदा तेवढ्यावरच काम होतं.

कधीकधी उलटंच घडतं. मशीन नकार देतं आणि कार्डातले पैसे मात्र कापले जातात. दुकानदार म्हणतो मला आले नाहीत, फोनवर संदेश येतो की गेले. अशा वेळी दोघांत भांडण होतं आणि दोघंही खरं बोलत असतात. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानं रिझर्व्ह बँकेनं याची मुदत ठरवली. दुकानातल्या मशीनवर कार्डातून रक्कम कापली गेली पण दुकानाला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही न मागता. ही भरपाई मागणारे मला इथं भेटले नाहीत, कारण ती मिळते हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आणि परत आलेले पैसे त्याच कार्डात येतात. साडी बदलली, बिल रद्द झालं, तरी परतावा कार्डातच. म्हणून शिल्लक संपली तरी कार्ड लगेच मोडून टाकू नये.

सगळ्यात मोठा धोका मात्र नकारानंतरच्या दहा मिनिटांत असतो. माणूस घाबरलेला असतो, कार्डाच्या मागचे आकडे वाचता येत नाहीत, आणि घरातला पोरगा मोबाइलवर ग्राहक सेवेचा नंबर शोधतो. सापडलेला नंबर ठगाचा असू शकतो. पलीकडचा माणूस गोड हिंदीत बोलतो, कार्ड चालू करण्यासाठी एक ॲप घ्यायला सांगतो, ओटीपी मागतो, किंवा आधी दहा रुपये भरा म्हणतो. भेटकार्डातले दोन हजार वाचवायला गेलेल्याचं बँक खातं रिकामं होतं. नंबर कार्डाच्या पाठीवरून किंवा पाकिटातल्या कागदावरूनच घ्यावा. पिन आणि ओटीपी कुणालाही सांगू नये, अगदी आपलं काम करून देणाऱ्यालाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा, कारण जितका लवकर फोन तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

प्रीपेड साधनांविषयीच्या त्या २०२१ च्या निर्देशात आणखी एक ओळ आहे, आणि ती या सीमेवरच्या लोकांसाठी मला सगळ्यात मोलाची वाटते. कार्डाच्या महत्त्वाच्या अटी साध्या, स्पष्ट भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत सांगाव्यात, असं ती म्हणते. पांढुर्ण्याची स्थानिक भाषा कोणती? राज्याच्या कागदावर हिंदी, माणसाच्या तोंडी मराठी. मी इथं पाहिलेल्या एकाही पाकिटात मराठीतला कागद नव्हता, हिंदीतलाही क्वचित. पुण्यात विकल्या जाणाऱ्या कार्डाबरोबर मराठी कागद मागता येतो, तर इथंही मागता यायला हवा. महाराष्ट्राची हद्द सौंसरच्या अलीकडे संपते, मराठी वाचणारी माणसं संपत नाहीत. संस्थांनी मनावर घेतलं तर हे एका पानाचं काम आहे. शिल्लक कशी बघायची, पिन कसा करायचा, एटीएममध्ये घालू नका, जास्तीची रक्कम वेगळी द्या, मुदत संपली तर काय करायचं.

तोवर तक्रार तरी आपल्या भाषेत करता येते. आधी कार्ड काढणाऱ्या संस्थेकडे लेखी, आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवायचा. तक्रार शक्यतो ४८ तासांत आणि जास्तीत जास्त ३० दिवसांत सोडवावी असा नियम आहे. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. १२ नोव्हेंबर २०२१ पासून बँका आणि प्रीपेड कार्ड काढणाऱ्या इतर संस्थांसाठी ही एकच एकात्मिक योजना झाली. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार संकेतस्थळावर अर्ज करता येतो, १४४४८ वर विचारता येतं, आणि ज्याला यातलं काही जमत नाही त्यानं साधं पत्र लिहिलं तरी चालतं. पत्ता आहे केंद्रीकृत स्वीकृती आणि प्रक्रिया केंद्र, रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया, सेंट्रल व्हिस्टा, सेक्टर १७, चंडीगड १६००१७. तिथं कोणत्याही भाषेतली तक्रार घेतली जाते, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

पांढुर्ण्याच्या त्या एमपी ऑनलाइनवाल्यानं आता अशा पत्राचा मराठी मजकूर टाइप करून ठेवला आहे. वर नाव, गाव, फोन. मग कार्ड काढणाऱ्या संस्थेचं नाव आणि कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे. दुकानाचं नाव, तारीख, रक्कम, चिठ्ठीवरचा दोन आकडी क्रमांक. संस्थेला केव्हा कळवलं, काय उत्तर आलं. सोबत चिठ्ठीची आणि तक्रारीची झेरॉक्स. पूर्ण कार्ड क्रमांक, पिन आणि पाठीमागचे तीन आकडे लिहायचे नाहीत, हे त्यानं पानाच्या तळाशी ठळक अक्षरांत घातलं आहे. रिकाम्या जागा भरून तो प्रिंट काढतो, समोरच्याला वाचून दाखवतो आणि सही घेतो. "पोस्टात रजिस्टर करा काकाजी, आणि पावती जपा," तो सांगतो, आणि पुढच्याला विचारतो, "तुमची चिठ्ठी आहे का?"